शुगर लपवली की क्लेम अडतो

"सिव्हिल आहे, रेशनकार्ड आहे, मग पॉलिसी कशाला?" हे आम्ही आरोग्य विम्याची पॉलिसी काढून देणारे दिवसातून दोनदा तरी ऐकतो. प्रश्न चुकीचा नाही. महात्मा फुले योजनेत आता पांढऱ्या कार्डालासुद्धा कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतंच. पण हॉस्पिटल योजनेतलं लागतं आणि उपचार यादीत असावा लागतो. तुमचे नेहमीचे डॉक्टर त्यात नसतील, पेशंटला पुण्याला न्यायची वेळ आली, तर पॉलिसी कामाला येते. घरात कुणी सत्तरीचं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं सरकारी मोफत उपचारांचं कार्ड, मात्र आधी काढा. ते मोबाइलवरही निघतं, त्यासाठी आमच्याकडे यायला नको.

घोळ होतो तो पुढे. सरकारी योजना जुनं दुखणं विचारत नाही, कंपनी विचारते. आणि तिथंच लोक म्हणतात, "शुगर लिहू नका ओ, हप्ता वाढेल."

मग काय होतं? अ‍ॅडमिट करताना डॉक्टर विचारतात, शुगर कधीपासून? घरचे घाबरलेले, खरं तेच सांगतात: "सहा वर्षं झाली." ते केसपेपरवर उतरतं. पॉलिसी दोन वर्षांची! कंपनी केसपेपर मागवते, कॅशलेस, म्हणजे बिल थेट हॉस्पिटलला भरणं, नाकारते, कधी पॉलिसीच रद्द करते. त्यानंतर आम्ही महिनाभर मेल करत बसतो, आणि लेखी खोटं असल्यावर आम्ही तरी भांडायचं कशावर?

लिहून दिलं तर हप्ता थोडा वाढेल, आणि त्या आजारासाठी काही काळ थांबावं लागेल. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानं ३ वर्षांपेक्षा जास्त थांबवता येत नाही. तोवर रेशनकार्ड आहेच की. एखादी कंपनी नाही म्हणते, दुसरी घेते. ते शोधायचं काम आमचं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय.

आम्ही फार चौकशा करतो अशी तक्रार असते. असू दे. फॉर्म तुमच्यासमोर वाचून दाखवत भरतो, आणि "लपवा" म्हटलं की तिथंच थांबतो. कमिशन कंपनी देते, तुमच्याकडून वेगळं काही घेत नाही.

येताना चालू गोळ्यांची पाकिटं आणा. "ती पांढरी, सकाळची" एवढ्यावरून आम्हाला गोळी ओळखता येत नाही.