पंगत

पंगत म्हणजे जेवणासाठी रांगेने बसलेली माणसे. त्यावरून, अशा रीतीने वाढलेले समारंभाचे जेवण. लग्न, मुंज, श्राद्ध, भंडारा अशा प्रसंगी ती बहुधा दुपारी बसते.

संस्कृत ‘पङ्क्ति’चे हे मराठी रूप. ‘पङ्क्ति’चे नाते ‘पञ्च’शी आहे आणि पाचांचा गट हा तिचा जुना अर्थ. वेदांतला पंक्ती छंदही आठ-आठ अक्षरांच्या पाच चरणांचा असतो. पुढे पाचाचा आकडा गळून गेला, ओळ तेवढी राहिली. शब्दात अन्नाचा उल्लेखच नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोण कोणाच्या शेजारी बसतो, यालाच महत्त्व होते.

ते महत्त्व जाचकही ठरले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीला पावन करणारे ‘पंक्तिपावन’ आणि तिच्यात बसू न देण्याजोगे ‘अपांक्तेय’ यांच्या याद्या आहेत. एकाच ओळीत एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसता भात वाढणे याला मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात; हा शब्द आजही दोष म्हणूनच वापरला जातो. घरच्या बायका शेवटच्या पंगतीला बसत, उरलेसुरले त्यांच्या वाट्याला येई. जातिभेद मोडू पाहणाऱ्यांनी सहभोजनाचा मार्ग धरला तो यामुळेच. 1930 च्या दशकात रत्नागिरीत सावरकरांनी अशी सहभोजने घडवून आणली.

पान वाढण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी मीठ, मग डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाज्या. मध्ये वरणभाताची मूद, वर तूप. ‘वदनी कवळ घेता’ म्हटल्यावर पहिला घास. वाढपी आग्रह करतात, यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरतो. शेवट ताकभाताने. शेजाऱ्याचे आटोपल्याशिवाय उठायचे नाही. पंगत बसते एकदम आणि उठते एकदम. म्हणून कार्यात माणसांचा अंदाजही ‘तीन पंगती उठल्या’ असा सांगतात.

शीख परंपरेत हाच शब्द लंगरच्या, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या सामुदायिक जेवणाच्या, ओळीसाठी आहे. तिसरे गुरू अमरदास (1479–1574) यांनी भेटीला येणाऱ्याने आधी पंगतीत बसावे, मग संगतीत, म्हणजे भक्तांच्या मेळ्यात, यावे, अशी रीत घातल्याचे परंपरा सांगते. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातही लंगरला आलेला कोणीही त्याच ओळीत जमिनीवर बसून जेवतो.