वाहन परवाना शुल्क (कॅलिफोर्निया)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारमालकांकडून दरवर्षी नोंदणीच्या नूतनीकरणाबरोबर घेतला जाणारा कर. नाव शुल्काचे असले तरी तो गाडीच्या किमतीवर आकारला जातो. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा कर गाडी घेतानाच एकरकमी भरतात आणि तो राज्याकडे जातो. कॅलिफोर्नियातला हा कर मात्र मुळातच शहरे आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारखे स्थानिक प्रशासन) यांच्यासाठी बसवलेला होता.

१९३५ पूर्वी घराप्रमाणेच मोटारीवरही स्थानिक मालमत्ता कर लागत असे. त्या वर्षी त्याची जागा राज्यभर एकसारख्या असलेल्या या शुल्काने घेतली. वसुली राज्याने करायची आणि पैसा स्थानिक संस्थांना वाटायचा, अशी ही रीत होती. १९४८ पासून दर २ टक्के होता. गाडी जुनी होईल तशी तिची हिशेबातली किंमत उतरत जाई. शहरांचा वाटा मुख्यतः लोकसंख्येवरून ठरे. हा पैसा रस्त्यांपुरता बांधलेला नसल्याने पोलीस, अग्निशमन, उद्याने, ग्रंथालये अशा कोणत्याही कामाला वापरता येई. लहान शहरांना त्याचा मोठा आधार होता. १९८६ मध्ये मतदारांनी तो स्थानिक संस्थांचाच राहील अशी हमी राज्यघटनेत घातली.

या हमीत एक मोठी उणीव राहिली. पैसा कोणाचा हे ठरले, पण दर ठरवण्याचा अधिकार राज्याकडेच होता. तिजोरी भरलेली असताना, १९९८ पासून, विधिमंडळाने दर टप्प्याटप्प्याने उतरवला आणि २००१ पर्यंत तो ०.६५ टक्क्यावर आला. २०,००० डॉलर किमतीच्या गाडीवरचे ४०० डॉलर १३० वर आले. शहरांची तूट राज्य स्वतःच्या खजिन्यातून भरून देई. त्याचा बोजा वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलरपर्यंत गेला. राज्यच तुटीत आल्यावर २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या सरकारने जुना दर परत लागू केला. लोकांच्या हाती तिप्पट बिले पडली. वीजटंचाईमुळे आधीच असलेल्या नाराजीत या रागाची भर पडली आणि ७ ऑक्टोबर २००३ च्या मतदानात डेव्हिस यांना पदावरून परत बोलावण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या आर्नल्ड श्वार्झनेगर यांनी १७ नोव्हेंबरला, शपथ घेतली त्याच दिवशी, ही वाढ रद्द केली.

२००४ मध्ये ०.६५ टक्के हाच कायमचा दर ठरला आणि भरपाईच्या रोख रकमेऐवजी शहरे व काउंट्यांना मालमत्ता कराचा जादा वाटा मिळू लागला. घरांच्या किमतींबरोबर वाढणारे हे उत्पन्न जुन्या शहरांना लाभाचेच ठरले. त्यानंतर स्थापन झालेल्या शहरांना मात्र हा वाटा नव्हता. ती शुल्काच्या उरल्यासुरल्या रकमेवर अवलंबून राहिली. २०११ मध्ये राज्याने तीही काढून कायदा-सुव्यवस्थेच्या खर्चाकडे वळवली. रिव्हरसाइड काउंटीतील मेनिफी, वाइल्डोमार, ईस्टवेल आणि हुरुपा व्हॅली या चार शहरांना याचा सर्वांत जास्त फटका बसला. हुरुपा व्हॅली तर १ जुलै २०११ रोजी, म्हणजे ही रक्कम वळवणाऱ्या कायद्यावर सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, अस्तित्वात आले. ज्या उत्पन्नाच्या हिशेबावर तिथल्या रहिवाशांनी शहर स्थापण्याच्या बाजूने मत दिले होते, ते सुरुवातीलाच गेले. शहर विसर्जित करण्याच्या हालचालीही पुढे तिथे सुरू झाल्या. हा उघड अन्याय होता आणि तो दूर व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने या चारही शहरांना मालमत्ता करातला वाटा मिळाला.