उघडे कॅबिनेट, सोलापूरचे ऊन आणि सुताचे तंतू

एप्रिल लागला की सोलापुरातल्या बऱ्याच पीसींचे साइड पॅनल निघते आणि पावसाळ्यापर्यंत भिंतीला टेकून उभे राहते. ओपन फ्रेम ही त्याच उपायाची पुढची पायरी. पत्र्याच्या पेटीऐवजी नुसता सांगाडा असतो आणि त्यावर मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय बसवतात. थर्मलटेकचे कोअर पी३ याच प्रकारातले: समोर काच, बाजू मोकळ्या. हार्डवेअर तपासणाऱ्यांचे टेस्ट बेंच आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (गणिते सोडवून चलन मिळवणे) थांबेपर्यंत चाललेल्या अनेक ग्राफिक्स कार्डांच्या रिगही याच जातीच्या. तिथे सुटे भाग सतत काढायचे-घालायचे असतात किंवा शेजारीशेजारी तापणारी कार्डे लांब ठेवायची असतात, म्हणून उघडा सांगाडा सोयीचा. घरच्या टेबलावर गणित वेगळे होते.

आधी उष्णतेचा हिशोब. प्रोसेसरचे तापमान म्हणजे त्याच्यावर बसवलेल्या कूलरला मिळणाऱ्या हवेचे तापमान आणि त्यावर चढणारी वाढ. उघडी फ्रेम दुसऱ्या भागाला हात लावत नाही, पहिला तेवढा सुधारते. समजा पीसी ३०० वॅट उष्णता टाकतो आणि बंद कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा खेळते. ही हवा बाहेर पडताना खोलीपेक्षा साधारण ११ ते १२ अंशांनी गरम असते; हवा दुप्पट केली की वाढ निम्मी. म्हणजे समोर सपाट काच असलेल्या, हवा कोंडणाऱ्या कॅबिनेटमधून उघड्या फ्रेमवर गेलात तर फरक ठळक दिसेल. जाळीदार पुढा आणि तीन चांगले पंखे असतील तर जेमतेम काही अंश. खोली ४२ अंशांवर असेल तर मात्र कुठलीच फ्रेम ४२ च्या खालची हवा देणार नाही. दुपारच्या पत्र्याच्या खोलीत उघडे कॅबिनेट म्हणजे उन्हात बटणे सोडून बसणे.

शिवाय बंद पेटीत पुढून मागे वाहणारा झोत प्रोसेसरबरोबर मदरबोर्डवरचे व्होल्टेज रेग्युलेटर (प्रोसेसरला योग्य दाबाची वीज देणारे भाग) आणि एम.२ एसएसडी (बोर्डावरच बसणारी साठवण) हेही थंड करतो. उघड्यावर हा झोत नसतो. त्यात प्रोसेसरला द्रवाने गार करणारा लिक्विड कूलर लावला तर रेग्युलेटरपाशी हवाच हलत नाही. प्रोसेसर गार आणि त्याच्या शेजारचे भाग तापलेले, असे चित्र दिसते. उपाय स्वस्त आहे: १२० मिमीचा एक पंखा बोर्डाच्या दिशेने, मंद वेगात.

खरी अडचण धुळीची, आणि सोलापुरात ती नुसती माती नसते. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या आसपास हवेत सुताचे बारीक तंतू तरंगतात. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. मातीचा कण हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांमधून निसटून जातो. तंतू मात्र पात्यांमधल्या दोनेक मिलिमीटरच्या फटीपेक्षा लांब असतो, म्हणून आडवा अडकतो. त्यावर दुसरा, त्यांच्या जाळ्यात माती, आणि काही आठवड्यांत पंख्याखाली घोंगडीसारखा थर तयार होतो. वरून बघितले तर पंखा छान फिरत असतो, हवा मात्र आत जात नाही. बंद कॅबिनेटमध्ये हाच थर आधी पुढच्या फिल्टरवर बसतो. तो दिसतो, नळाखाली धुता येतो, पूर्ण वाळवून परत लावता येतो.

उघडी फ्रेम ठेवायचीच असेल तर मागांच्या परिसरात दर १५ दिवसांनी, इतरत्र महिन्याला सफाई धरा. प्लग काढा, पॉवरचे बटण १० सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या, पीसी गच्चीत किंवा गॅलरीत न्या. धातूच्या सांगाड्याला हात लावा, मग मऊ ब्रशने पाती मोकळी करा आणि ब्लोअर अर्धा-एक फूट अंतरावरून थोडा थोडा मारा. पंख्याचे पाते बोटाने धरूनच. सुसाट फिरू दिले तर बेअरिंग जाते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. पॉवर सप्लाय कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो.

डेझर्ट कूलरचा झोत थेट फ्रेमवर सोडू नका. कोरड्या हवेत कूलर खोली चांगली गार करतो, पण त्याच्यासोबत येणारे बारीक थेंब वाळले की क्षार बोर्डावर राहतात. धूळ आणि ओल एकत्र आली की गळती प्रवाहाला वाट मिळते. पाल हा विषय हसण्यावारी नेऊ नका: रात्री उबदार बोर्डावर आलेली पाल शॉर्ट करू शकते. मुंग्यांचेही तसेच.

ग्राफिक्स कार्ड बोर्डावर थेट न बसवता उभे किंवा बाजूला लावायचे तर रायझर केबल, म्हणजे कार्ड बोर्डाच्या स्लॉटला जोडणारी केबल, लागते. केबल पीसीआयई या स्लॉटच्या मानकाच्या तिसऱ्या पिढीची आणि कार्ड चौथ्या पिढीचे असेल तर स्क्रीन काळी राहू शकते. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) स्लॉट जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीवर टाकून बघा. ॲक्रिलिकच्या सांगाड्यातून अर्थिंग मिळत नाही, त्यामुळे भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या.

पैसे घालण्याआधी एक चाचणी करा. पॅनल लावून अर्धा तास जड गेम किंवा रेंडर चालवा, एचडब्ल्यू-इन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर आणि कार्डाचे आकडे बघून लिहून ठेवा. मग पॅनल काढून, त्याच खोलीत, शक्यतो त्याच तासाला पुन्हा. फरक पाच अंशांहून कमी असेल तर दोष कॅबिनेटचा नाही. प्रोसेसरवरच्या कूलरची पाती आणि त्या दोघांमधली वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पोचवणारा लेप) बघा. दहाच्या वर गेला तर जाळीदार पुढ्याचे कॅबिनेट घ्या, पुढे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून तंतू शिरत नाहीत. उघडी फ्रेम आम्ही सुचवू ती दारे-खिडक्या बंद असलेल्या एसीच्या खोलीत, भाग सतत बदलणाऱ्याला. तीही भिंतीपासून वीतभर लांब.