लॅपटॉपचं बॅक कव्हर घरी उघडताय? स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी हे वाचा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पंखा घरघरतोय, लॅपटॉप मांडीवर ठेवता येत नाही इतका तापतोय, नाहीतर ऑनलाइन मागवलेली रॅम (मेमरीची पट्टी) घरी येऊन पडली आहे. मग मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघायचा आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायचा. आमची त्याला हरकत नाही. धूळ काढायला दर वेळी दुकानाची पायरी चढलीच पाहिजे असं काही नाही. (असं छापल्यानं आमचं थोडं नुकसान होईल, होऊ दे.) पण "आम्हीच उघडला होता" म्हणून जे लॅपटॉप काउंटरवर येतात, त्यांत मूळ बिघाड बऱ्याचदा किरकोळ असतो. खर्च निघतो तो उघडताना झालेल्या मोडतोडीचा. "कव्हर निघंना झालंय बघा, म्हणून जरा ओढलं," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी हे पत्रक छापायचं ठरवलं.

कव्हर निघत नसेल तर कुठला तरी स्क्रू राहिलेला असतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

उघडायचाच नाही, असे लॅपटॉप

लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बाजूनं बघा. तो डुगडुगतोय का? टचपॅड वर आलाय किंवा दाबला जात नाही? कव्हरच्या कडेला फट पडलीय? बॅटरी फुगल्याची ही लक्षणं आहेत. लिथियमची बॅटरी फुगते ती आत वायू साठल्यामुळे. अशा लॅपटॉपला चार्जर लावू नका, वरून दाबून फट बुजवू नका आणि उघडूही नका. कव्हर उचकटताना पत्ती बॅटरीत घुसली तर आग लागू शकते. बंद करून, पडदे-अंथरुणापासून लांब, फरशीवर ठेवा आणि आम्हाला फोन करा. काढलेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी जमा करायची असते. आमच्याकडे आणून दिलीत तरी चालेल, आम्ही ती पुढं पोचवतो.

बिजागरी तुटून स्क्रीन एका बाजूनं करकरत असेल तरीही थांबा. आतले प्लास्टिकचे खुंटे आधीच सुटलेले असतात, कव्हर काढलं की तुकडे हातात येतात.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटीचा कागद वाचा. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या आहेत, आणि काही मॉडेलांत एका स्क्रूवर छोटा स्टिकर मुद्दाम चिकटवलेला असतो. तो फाटला की वाद सुरू. वॉरंटीत असताना कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला द्या, आमच्याकडेही आणू नका.

टेबलावर चादर घालू नका

सोलापुरात हे सांगावं लागतं! लॅपटॉपला चरा पडू नये म्हणून लोक प्रेमानं घडीची चादर नाहीतर टॉवेल पसरतात. अडचण अशी की दीड-दोन मिलिमीटरचा स्क्रू टॉवेलच्या रोव्यात गेला की गेलाच. वर त्याचे तंतू उघड्या लॅपटॉपमध्ये पडतात. टेबल ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या आणि वर वर्तमानपत्राचे दोन-तीन थर टाका. खाली वाळूचा एक कण राहिला तरी झाकणावर चरा पडतो, म्हणून पुसणं टाळू नका.

वेळ सकाळची बरी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पंखा बंद करून बसाल तर कपाळावरचा घाम थेट बोर्डवर (आतल्या मुख्य सर्किटवर) पडेल, आणि पंखा सुरू ठेवाल तर कव्हरवरून काढलेल्या हलक्या रबरी पट्ट्या उडतील. खिडकीजवळ बसा, बोर्डवरची बारीक अक्षरं दिवसाच्या उजेडात चांगली दिसतात.

आपली हवा कोरडी, त्यामुळे अंगावर स्थिर वीजही लवकर साठते. नायलॉनची किंवा लोकरीची कापडं घालून, गालिच्यावर पाय घासत हे काम करू नका. तुम्हाला न जाणवणारा झटकासुद्धा रॅमच्या चिपला पुरतो. सुती कपडे घाला, बोर्डला हात लावण्याआधी भिंतीत पक्क्या बसवलेल्या खिडकीच्या लोखंडी गजाला, रंग उडालेल्या जागी, हात लावा. मधूनमधून पुन्हा लावत राहा. मनगटाला बांधायचा, स्थिर वीज उतरवणारा अँटिस्टॅटिक पट्टा मिळाला तर उत्तमच.

बंद म्हणजे पूर्ण बंद

विंडोजमध्ये नुसतं शट डाउन केलं की फास्ट स्टार्टअपमुळे (पुढच्या वेळी लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे) लॅपटॉप बऱ्याचदा अर्धवट झोपतो. शिफ्ट बटण दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, म्हणजे तो खरोखर बंद होतो. चार्जर काढा. पेन ड्राइव्ह, माउसचं छोटं रिसीव्हर, मेमरी कार्ड, सगळं काढा. कार्डाच्या खाचेत प्लास्टिकचं खोटं कार्ड असतं, तेही काढा. ते तसंच राहिलं की कव्हर अडतं आणि लोक ओढत बसतात.

महत्त्वाच्या फायलींची कॉपी आधीच दुसरीकडे घेऊन ठेवा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं फायलींना लावलेलं कुलूप, सुरू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हार्डवेअर बदलल्यावर कधी कधी लॅपटॉप ती मागतो, आणि तेव्हा ती नेमकी त्याच लॅपटॉपमध्ये अडकलेली असते.

स्क्रू

सगळं काम इथंच बनतं नाहीतर बिघडतं.

बहुतेक लॅपटॉपला अधिक चिन्हाच्या डोक्याचे बारीक स्क्रू असतात. त्यांना ० किंवा ०० नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लागतो. घरात फ्यूज काढायला ठेवलेला टेस्टर चालत नाही. टोक खाचेत नीट बसलं पाहिजे, हलता कामा नये. आधी खाली दाब, मग फिरवणं. दाबाचा वाटा जास्त, फिरवण्याचा कमी. स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की ते घरी निघत नाही, ड्रिल लावण्याची वेळ येते. डेलच्या काही मॉडेलांत ६ टोकांच्या चांदणीचे टॉर्क्स स्क्रू असतात आणि ॲपलच्या मॅकबुकला ५ पाकळ्यांचे. त्यांना त्यांचेच ड्रायव्हर हवेत. "जवळपास बसतंय की" म्हणून फिलिप्स लावू नका.

स्क्रू लपलेले कुठं असतात? रबरी पायांखाली, एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत लांब रबरी पट्टीखाली, कधी स्टिकरखाली. स्टिकरवरून बोट फिरवा, खड्डा लागला तर खाली स्क्रू आहे. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये आधी तो ड्राइव्ह एक स्क्रू काढून बाहेर ओढायचा. त्याच्या रिकाम्या खणात आणखी दोन-तीन चिमुकले स्क्रू दिसतात. लोक सर्वांत जास्त इथंच फसतात. काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः थिंकपॅडमध्ये, स्क्रू सैल होतात पण कव्हरमधून बाहेर पडत नाहीत. ते तसेच बनवलेले आहेत, ओढून काढू नका.

अंदाजानं करण्यापेक्षा डेल, एचपी आणि लेनोव्होच्या संकेतस्थळांवर तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल फुकट मिळतं, ते बघा. कुठला स्क्रू किती लांब आणि कव्हर कुठून सोडायचं, हे चित्रासकट असतं. मॉडेलचा नंबर मागच्या स्टिकरवर आहे. तो नंबर बघून शोधा. नाव एकच असलेल्या दोन लॅपटॉपचं पोट वेगळं असतं.

काढलेला स्क्रू वाटीत टाकू नका. सगळे एकत्र झाले की संपलं. खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर लॅपटॉपचा चौकोन काढा, आणि स्क्रू जिथून काढला त्याच जागी पुठ्ठ्यात टोचा. हा सोपस्कार वाटेल, पण ऐका. दुकान नवं होतं तेव्हा आमच्याच हातून एक लांब स्क्रू टचपॅडजवळच्या आखूड स्क्रूच्या जागी गेला. शेवटच्या दोन फेऱ्यांना जरा जड लागला, आम्ही तसाच आवळला. वरून टचपॅडच्या मधोमध टेंगूळ. नवा टचपॅड स्वतःच्या खिशातून घालून दिला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक टेबलावर पुठ्ठा असतो.

कव्हर उचलताना

स्क्रू निघाले तरी कव्हर कडेच्या प्लास्टिक लॉकवर अडकून राहतं. गिटारची पत्ती असेल तर उत्तम, नाहीतर मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. सुरी, कटरचं पातं, चपटा स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको. कड तर तुटतेच, आणि पातं आत सरकलं की समोर बॅटरी असू शकते.

बऱ्याच मॉडेलांत बिजागरीजवळच्या कोपऱ्यातून सुरुवात करणं सोपं जातं. पत्ती दोन-तीन मिलिमीटरच आत घाला आणि कडेनं सरकवत न्या. टक, टक असे आवाज येतील, ते लॉक सुटल्याचे. कर्रर्र असा आवाज आला तर थांबा. एक बाजू सुटते आणि मधला भाग हलत नाही, असं झालं की मध्ये कुठंतरी स्क्रू आहे. स्टिकर पुन्हा चाचपा.

सुटलेलं कव्हर एकदम उचलू नका. बोटभर उचलून आत डोकावा. काही लॅपटॉपमध्ये स्पीकरची किंवा लाइटची वायर कव्हरलाच जोडलेली असते, झटका दिला की तिचं सॉकेट बोर्डवरून उखडतं.

आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचं

कव्हर निघालं की मोबाइलनं एक फोटो घ्या आणि लगेच बॅटरीचं कनेक्टर सोडवा. आधी बाकी कशालाही हात लावू नका. ३ सेलच्या बॅटरीत साधारण ११ व्होल्ट असतात. तुम्हाला त्याचा शॉक बसत नाही, पण स्क्रू निसटून बोर्डवर आडवा पडला तर बोर्ड जळायला तेवढे पुरतात. वायर धरून ओढू नका. कनेक्टरच्या दोन्ही कानांना नखं लावून, ते ज्या दिशेनं सरकतं त्या दिशेनं हळूहळू काढा. काहींवर धातूची पट्टी किंवा छोटा खटका असतो, तो आधी उघडायचा. मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट निघून जातो.

पंखा आणि आपली हवा

सोलापूरच्या लॅपटॉपला दोन त्रास हमखास. पहिला उन्हाळा. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायला सांगतात आणि आपल्याकडे पारा ४० च्या पुढं सहज जातो. दुसरा त्रास सुताचा. टॉवेल-चादरींच्या कारखान्यात हिशेबाला ठेवलेला लॅपटॉप आम्ही उघडतो तेव्हा पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये कापसाची पातळ गादीच बसलेली असते. ती बाहेरून फुंकर मारून निघत नाही, उलट आणखी दाबली जाते. यंत्रमागाच्या भागात घर किंवा ऑफिस असेल तर सहा महिन्यांतून एकदा साफसफाई करावी, असं आमचं मत. इतरांना वर्षातून एकदा पुरे.

पंखा साफ करताना त्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं, आणि फिरताना तो स्वतःच वीज तयार करून बोर्डकडे पाठवतो. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण जातात. व्हॅक्युम क्लीनर स्थिर वीज तयार करतो, तोही नको. मऊ कोरडा ब्रश आणि दाबलेल्या हवेचा फवारा मारणारा डबा एवढ्यावर काम भागतं. पंखा सोडवता आला तर जाळीवरची गादी चिमट्यानं अख्खी उचला.

त्याखालची तांब्याची नळी मात्र सोडवू नका. प्रोसेसरवरून ती एकदा उचलली की जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता नळीत पोचवणारा लेप) पुसून नवी लावावीच लागते. पेस्ट हाताशी नसेल तर नळीवरच्या नंबर घातलेल्या स्क्रूंकडे बघायचंसुद्धा नाही.

रॅम आणि एसएसडीचं (फायली साठवणाऱ्या ड्राइव्हचं) काम यापेक्षा सोपं. रॅमच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ढकलले की ती तिरकी उभी राहते. नवी तशीच तिरकी घालून खाली दाबायची. खाच जुळली नाही तर जोर लावू नका, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या रॅमच्या वेगळ्या पिढ्या आहेत, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाग दिलेली असते, म्हणून विकत घेण्याआधी विचारा.

बंद करताना

बॅटरी जोडा. कव्हर ठेवून कडेनं तळहातानं दाबत जा, लॉक पुन्हा टक टक बसतील. स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा. एक हलकी उतरण जाणवते, तिथं आटे जुळले. मग सुलट फिरवा. अशानं प्लास्टिकचे आटे जात नाहीत. सगळे स्क्रू थोडे थोडे लावून झाल्यावरच आवळा, आणि चार बोटांच्या ताकदीनं नको, दोन बोटांच्या. सगळे बसले आणि एक उरला तर घाबरू नका, पुठ्ठा बघा.

पहिल्यांदा सुरू करताना चार्जर लावा. बॅटरी काढून जोडल्यावर बरेच लॅपटॉप चार्जर लावल्याशिवाय जागेच होत नाहीत. नवी रॅम घातली असेल तर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. त्या वेळात बटण दाबत बसू नका, चहा घ्या. लॅपटॉपपासून लांब बसून.

मध्येच अडकलात तर जिथं आहात तिथं थांबा आणि तसाच घेऊन या. अर्धा उघडलेला लॅपटॉप आणला म्हणून आम्ही कुणाला ओरडत नाही. कव्हर पिशवीत वेगळं ठेवा, बॅटरीचं कनेक्टर सोडवलेलंच राहू द्या, आणि स्क्रू पुठ्ठ्यासकट आणा. सगळे.