यूपीएसच्या बॅटरीतले ८४ वॉट-तास जातात कुठे?

घरच्या संगणकासाठी यूपीएस घेताना हिशोबी माणूस एक गणित हमखास मांडतो. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे ८४ वॉट-तास. संगणक आणि मॉनिटर मिळून १५० वॉट खातात. ८४ भागिले १५०, म्हणजे ३३ मिनिटं. मग एक दिवस वीज जाते आणि बाराव्या मिनिटालाच यूपीएस ओरडून ओरडून मान टाकतो. कंपनीने फसवलं, असा शेरा मारून माणूस मोकळा होतो. पण भागाकार बरोबर आहे आणि बॅटरीवरचा आकडाही खरा आहे. घोळ आहे तो ७ अँपिअर-तास हा आकडा कुठल्याही वेगाने वीज ओढली तरी तोच राहील, असं धरून चालण्यात.

अशा बॅटरीची क्षमता मोजतात ती २० तासांत सावकाश उतरवून, म्हणजे जेमतेम ०.३५ अँपिअर प्रवाह घेऊन. यूपीएसमधला इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज घरगुती विजेसारखी करून देणारा भाग, ८० टक्के कार्यक्षम धरला, तर १५० वॉट पुरवायला बॅटरीतून सुमारे १८७ वॉट ओढावे लागतात. १२ व्होल्टला तो प्रवाह होतो जवळपास १६ अँपिअर. मोजणीच्या वेळचा ४५ पट!

आता बॅटरीच्या आत शिरू, कारण खरी मजा तिथे आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची, मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं आणि त्यासाठी लागणारं सल्फेट येतं आम्लातून. म्हणजे इथे आम्ल हे नुसतं वाहक नाही, तेही खर्च होतं. प्लेट स्पंजासारख्या सच्छिद्र असतात आणि रासायनिक क्रिया प्रामुख्याने त्या बारीक छिद्रांच्या भिंतींवर चालते. छिद्रातलं आम्ल संपलं की बाहेरचं आत झिरपावं लागतं, आणि हे झिरपणं अंगभूतच मंद असतं. ०.३५ अँपिअरला पुरवठा खर्चाच्या बरोबरीने चालतो. १६ अँपिअरला छिद्रं उपाशी राहतात. त्यात धन प्लेटवर या क्रियेत पाणीही तयार होतं, त्यामुळे तिथलं उरलंसुरलं आम्ल आणखी पातळ होतं.

भरीस भर म्हणजे लेड सल्फेट फुगीर आहे. जेवढं शिसं खर्ची पडतं, त्याच्या अडीच पटींहून जास्त जागा त्यातून बनलेलं सल्फेट व्यापतं, शिवाय ते विजेचं दुर्वाहक. घाईने वीज ओढली की ते छिद्रांच्या तोंडाशीच साचतं आणि आतल्या ताज्या शिशाकडे जायची वाट अडवतं. व्होल्टेज कोसळतं, यूपीएसला वाटतं बॅटरी संपली. प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त माल आत तसाच पडून असतो. तेल खाली भरपूर असूनही वात ते पुरेशा वेगाने वर ओढू शकली नाही, तर ज्योत मंदावते, तसंच हे. म्हणूनच भार काढून बॅटरी थोडा वेळ तशीच ठेवली की तिचं व्होल्टेज आपोआप वर चढतं.

१८९७ साली पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने याला सूत्रात बसवलं: प्रवाहाचा ‘क’वा घात गुणिले वेळ ही संख्या स्थिर राहते. ‘क’ बरोबर १ असता तर आपलं ३३ मिनिटांचं गणित (इन्व्हर्टरचा तोटा वगळता) जुळलं असतं. शिसे-आम्ल बॅटरीत तो साधारण १.१ ते १.३ असतो. १.२ धरून २० × (०.३५ ÷ १६)^१.२ सोडवलं की उत्तर येतं ०.२ तास. हीच ती १२ मिनिटं. याच सूत्राने भार निम्म्यावर आणला तर वेळ दुप्पट न होता २.३ पट होतो, म्हणजे २८ मिनिटांच्या घरात. वीज गेल्यावर गेम बंद करून नुसती फाइल जतन करण्यात शहाणपण आहे ते यामुळे. लेझर प्रिंटर तर यूपीएसला जोडूच नये, त्यातला हीटर क्षणात शेकडो वॉट मागतो.

खोक्यावर ठळक छापलेला ‘६०० व्हीए’ (व्होल्ट-अँपिअर) हा आकडा बॅकअप किती वेळ मिळेल याबद्दल काहीही सांगत नाही. ती यंत्राची भार पेलण्याची मर्यादा, आणि तीही वॉटमध्ये पाहिली तर बऱ्याचदा ३६०च भरते. आपण पाहायचा तो वॉटचा आकडा, आणि आपल्या भाराला किती मिनिटं हा तक्ता. तक्ता नसेल तर पुढचं यंत्र बघावं. थेट फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समजही सोडून द्यावा. आताच्या प्लॅस्टिकच्या कवचातून फरशी काहीही शोषून घेत नाही. बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, तेव्हा यूपीएस संगणकाच्या गरम झोताजवळ कोंबू नये.

यूपीएसवरच्या चाचणीच्या बटणावरही फार विसंबू नये. ती चाचणी बऱ्याच यंत्रांत काही सेकंदांची असते, आणि तेवढ्यापुरतं आम्ल थकलेल्या बॅटरीच्याही छिद्रांत असतं. त्यापेक्षा सगळ्या फाइली जतन करून, महत्त्वाचं काही चालू नसताना यूपीएसची मुख्य वीज बंद करावी आणि घड्याळ लावावं. जितकी मिनिटं मिळतील, त्याच्या निम्म्या वेळात संगणक आपोआप बंद होईल अशी सोय करून ठेवावी. वर्षभराने पुन्हा मोजलं की बॅटरी किती खंगली ते कळतं.