अडवणाऱ्याला अडवणारं जनुक

नौपाड्यात बारावीला जीवशास्त्र शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतोच : "सर, सगळ्या पेशींत डीएनए एकच, मग हाडाची पेशी हाडाचीच कशी होते?" अशा वेळी मी फळ्यावर सी अर्चिन काढतो. समुद्रतळाशी राहणारा, साळिंदरासारख्या काट्यांचा गोल जीव. त्याचं अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, आणि फलन होतं समुद्राच्या पाण्यात, आईच्या शरीराबाहेर. पेशी कशा विभागतात ते साध्या मायक्रोस्कोपखाली बसून बघता येतं. उगाच नाही शास्त्रज्ञ सव्वाशे वर्षांहून जास्त काळ याच्या मागे लागलेत!

पेशी १६ झाल्या की नीट बघावं. वर ८ मध्यम आकाराच्या, त्याखाली ४ मोठ्या आणि अगदी तळाशी ४ इवल्याशा. या इवल्याशांना मायक्रोमिअर म्हणतात. पुढे पोहणाऱ्या अळीचा चुनखडीचा सांगाडा यांच्याच वंशातल्या पेशी बांधतात.

हे काम यांच्याकडेच का? अंड्याच्या तळाचा भाग आईकडूनच वेगळा घडून आलेला असतो. तिथल्या पेशींच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साठतं आणि पीमार१ हे जनुक जागं होतं. आता गंमत बघा. सांगाड्याची जनुकं पीमार१ स्वतः चालू करतच नाही. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचा वॉचमन आठवा, येईल त्याला अडवणारा. गर्भात हे काम हेस-सी नावाचं जनुक करतं आणि सांगाड्याची जनुकं दाबून ठेवतं. पीमार१ या वॉचमनलाच बाजूला बसवतं. मायक्रोमिअरमध्ये वाट मोकळी होते, बाकी गर्भात फाटक बंदच राहतं. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत एरिक डेव्हिडसन यांच्या गटाने हे उलगडलं. त्यांनी पीमार१ गर्भातल्या सगळ्याच पेशींत चालू केलं, तेव्हा सगळ्याच पेशी सांगाडा बांधणाऱ्या पेशींच्या वाटेला लागल्या. मला तर या जनुकांच्या साखळीतला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो.

याच मोकळ्या झालेल्या वाटेने डेल्टा नावाचं प्रथिनही तयार होतं. ते पेशीच्या अंगावरच बसतं, त्यामुळे त्याचा निरोप फक्त चिकटून असलेल्या शेजाऱ्याला पोचतो. शेजाऱ्याच्या अंगावरचं नॉच हे प्रथिन तो निरोप घेतं, आत जीसीएम जनुक चालू होतं आणि त्यातून अळीच्या रंगपेशी घडतात. एक ओळ पलीकडच्या पेशीला यातलं काहीच कळत नाही.

मायक्रोमिअरचा शब्द किती चालतो ते १९९३ मधल्या एका प्रयोगात दिसलं. डेव्हिडसन आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू रॅन्सिक यांनी या पेशी उचलून दुसऱ्या गर्भाच्या माथ्यावर ठेवल्या. एरवी त्या माथ्याची बाहेरची त्वचा झाली असती. तिथे चक्क दुसरी पचननलिका आत वळली.

वर्गात इथवर आलं की मुलांना वाटतं, मायक्रोमिअरच सगळ्यांचे मुकादम. पण सांगाडा कुठे बांधायचा हे त्यांनाही बाहेरूनच कळावं लागतं. त्वचेच्या दोन ठरावीक जागांमधून व्हीईजीएफ नावाचा रासायनिक संदेश येतो, त्या रोखाने या पेशी सरकतात आणि जमतात. प्रयोगात तो संदेश तोडला, तर पेशी गर्भात जिवंत असतात, पण सांगाड्याची एक काडीही उभी राहत नाही.