धातूचं हाड वाढतं कसं?

‘कॅन्सर झालेला पाय वाचवला’ अशी बातमी नागपूरच्या वर्तमानपत्रात आली की ‘चमत्कार’ हा शब्द सोबत येतोच. त्यातलं सगळ्यात देखणं गणित मात्र बातमीत कधी येत नाही.

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुधा वाढीच्या वयात, गुडघ्याच्या आसपास होतो. 1970 च्या दशकापर्यंत पाय कापणं हाच सरसकट उपाय होता. आता आधी केमोथेरपी देतात, एमआरआयवर गाठीची हद्द पाहतात, भोवतालच्या निरोगी थरासकट ती काढतात आणि त्या जागी रुग्णाच्या मापाचा धातूचा सांधा बसवतात. मुख्य रक्तवाहिन्या नि नसा गाठीत अडकल्या असतील, तर आजही पाय काढावा लागू शकतो.

पण रुग्ण दहा वर्षांचा असला तर? मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के वाढ गुडघ्याजवळच्या वाढपट्टीतून होते, वर्षाला जवळपास 1 सेंटिमीटर. गाठीबरोबर ती पट्टीही जाते. दुसरा पाय वाढत राहतो, हा मागे पडतो. पूर्वी दरवेळी पाय उघडून सांधा लांबवावा लागे. दरवेळी जंतुसंसर्गाचा धोका.

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या अभियंत्यांनी यावर तोड काढली. सांध्याच्या दांड्यात चुंबक, गिअरबॉक्स आणि स्क्रू. पाय गोल कॉइलमध्ये ठेवायचा. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेतं (कोराडीच्या वीजकेंद्राची टर्बाइनं फिरतात त्याच वेगाने) आणि आतलं चुंबक त्याच्यामागे फिरतं. चुंबकाचे 13,061 फेरे झाले की स्क्रूचा एक. म्हणजे मिनिटाला 0.23 फेरा. एका फेऱ्याला 1 मिलिमीटर, म्हणून तेवढं लांबायला चारेक मिनिटं. गिअरमध्ये वेग घालवला की जोर मिळतो, आणि ताणलेल्या स्नायूंना रेटायला जोरच हवा. भूल नाही, टाका नाही.

हे सगळं रुग्ण वेळेत आला तर. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ या समजापायी आपल्याकडे मुलाला मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेण्याआधी मालिशवाल्याकडे नेतात. बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा कण काढण्याच्या, सुईच्या वाटेत कॅन्सरच्या पेशी राहू शकतात, हे खरं. पण म्हणूनच ती वाट पुढच्या छेदाच्या रेषेत आखतात आणि गाठीसोबत कापून काढतात. त्यामुळे सुई कुठून घालायची, हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवलेलं बरं.